गोळीशिवाय गेलेल्या दोन रात्रींनी नेमके काय सिद्ध केले?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, वयाची 57 वर्षे पूर्ण केलेल्या बाईंचे हे पत्र आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांची बायपास झाली. रुग्णालयातील जागरणांनंतर बाईंची झोपच उडाली, तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलामची 0.25 मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. ती गोळी आजही चालू आहे; मधल्या काळात ती 0.5 ची झाली. ओळखीच्या मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर पट्टी मिळते आणि घरात ती ‘कॅल्शियमची गोळी’ म्हणून खपून जाते. दिवाळीला आलेल्या मुलाला आईच्या चष्म्याच्या डबीत दोन गोळ्या सापडल्या आणि तो म्हणाला, “आई, हे व्यसन आहे.” बाईंचा धाकटा भाऊ दारूपायी गेला, दरवर्षी 26 जूनला शाळेत अमली पदार्थविरोधी शपथ त्याच देतात. मुलाचे शब्द इतके लागले, की त्यांनी त्याच दिवशी गोळी बंद केली. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हातांना कंप सुटला, छातीत धडधड झाली, अंगाला घाम फुटला. तिसऱ्या रात्री त्यांनी गोळी घेतली आणि “पाचच मिनिटांत जिवात जीव आला.” त्या विचारतात : मी व्यसनी आहे का? की मला असा काही आजार आहे, ज्याला ही गोळी जन्मभर लागणार? आणि आठ तास झोप मिळाली नाही, तर मी वर्गात उभी कशी राहणार?

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगते. पुन्हा कधीही, कोणाच्याही बोलण्यावरून, ही गोळी एका दिवसात बंद करू नका. अल्प्राझोलाम ज्या गटातील औषध आहे त्या बेंझोडायझेपिन गटाची औषधे अनेक महिने रोज घेऊन अचानक थांबवली, तर काही जणांना अपस्मारासारखे झटके येऊ शकतात, आणि असा झटका जिवावरही बेतू शकतो. तिसऱ्या रात्री तुम्ही गोळी घेतली याला तुम्ही पत्रात ‘हार’ म्हटले आहे. त्या परिस्थितीत ते सुरक्षित पाऊल होते.

आता त्या दोन रात्रींकडे येते, कारण तुमचे सगळे निष्कर्ष त्यांच्यावरच उभे आहेत. गोळी थांबवली, त्रास झाला. गोळी घेतली, त्रास थांबला. म्हणजे मला गोळीची गरज आहे, अशी तुमची मांडणी आहे. तुम्ही विज्ञान शिकवता, म्हणून विचारते : या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट कुठे होता? ज्या बाईला आयुष्यात कधी निद्रानाशच नव्हता, तिला चार वर्षे रोज रात्री हीच गोळी दिली आणि एके दिवशी अचानक थांबवली, तर तिचेही हात थरथरण्याची, तिलाही घाम फुटण्याची आणि तिचीही झोप उडण्याची दाट शक्यता आहे. मग हा त्रास तिच्या कोणत्या आजाराचा म्हणायचा? आपल्या मेंदूत गाबा नावाचे रसायन मज्जापेशींची उत्तेजना आवरून धरते. ही गोळी त्या रसायनाचा परिणाम वाढवते. रोज बाहेरून मदत मिळू लागली, की मेंदू त्या मानाने स्वतःची संवेदनशीलता कमी करून घेतो, आणि म्हणूनच तोच गुण यायला पुढे जास्त मात्रा लागू शकते. तुमची 0.25 ची गोळी 0.5 ची होण्यामागे हेही कारण असू शकते. अशा वेळी बाहेरची मदत एका रात्रीत काढून घेतली, तर आवरून धरलेली उत्तेजना उसळून वर येते. मूळ निद्रानाशापेक्षाही वाईट असा जो निद्रानाश त्या दोन रात्री तुमच्या वाट्याला आला, तो या उसळीचा होता. तुमची मूळ झोप आज कशी आहे, हे त्या रात्रींनी सांगितलेच नाही.

तिसऱ्या रात्रीचा तुमचा एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटला. पाच मिनिटांत बरे वाटले, असे तुम्ही लिहिता. तोंडावाटे घेतलेल्या साध्या अल्प्राझोलामचे रक्तातील प्रमाण सर्वाधिक व्हायला साधारण एक ते दोन तास लागतात. पाच मिनिटांत गोळी धड विरघळलेलीही नसते. मग जिवात जीव कशाने आला? पट्टीचा तो ओळखीचा आवाज, पाण्याचा घोट, ‘आता झोप येणार’ ही खात्री, आणि चार वर्षांच्या सवयीने या सगळ्याला शरीराने दिलेला प्रतिसाद यांनी. घंटेच्या आवाजाने लाळ सुटणाऱ्या पावलोवच्या कुत्र्यांबद्दल आपण सगळेच शिकलो आहोत, तीच शिकण्याची क्रिया येथेही घडते. याचा अर्थ तुमचा त्रास खोटा होता असा मुळीच नाही. त्या रात्रीच्या पहिल्या दिलाशातला बराचसा वाटा तुमच्याच मेंदूने, औषध पोहोचण्याआधी, निर्माण केला होता एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि पुढच्या वाटचालीत ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे.

भीतीचेही असेच आहे. विल्यम जेम्स यांनी 1884 मध्ये मांडले, की आधी शरीरात बदल होतात आणि त्या बदलांची जाणीव म्हणजेच भावना. वॉल्टर कॅनन यांनी 1927 मध्ये त्यावर आक्षेप घेतला, की शरीरातील बदल भीती, राग, ताप अशा अनेक अवस्थांत सारखेच असतात, तेव्हा केवळ त्यांवरून भावना कशी ठरेल? पुढे 1962 मध्ये शॅक्टर आणि सिंगर यांनी असे सुचवले, की धडधड शरीर पुरवते आणि तिला नाव आपण भोवतालच्या परिस्थितीवरून देतो. त्यांच्या प्रयोगावर नंतर बरेच आक्षेप घेतले गेले आणि तो सिद्धांत जसाच्या तसा आज कोणी मानत नाही. पण शरीरातल्या खुणांचा आपण लावतो तो अर्थ भीती वाढवतो किंवा कमी करतो, हा त्यातला भाग घाबरण्याच्या त्रासावरील उपचारांत आजही उपयोगी पडतो. दुसऱ्या रात्री दोन वाजता, शेजारी हृदयाची शस्त्रक्रिया झालेला माणूस झोपलेला असताना, तुमच्या स्वतःच्या छातीत धडधडू लागले. अशा वेळी त्या धडधडीचा अर्थ ‘औषध उतरते आहे’ असा कोण लावील? तुम्ही ‘मलाही काहीतरी होते आहे’ असा लावलात, आणि धडधड आणखी वाढली.

आता व्यसनाच्या प्रश्नाकडे. शरीराला झालेल्या औषधाच्या सवयीला, म्हणजे ते थांबवल्यावर त्रास होण्याला, शारीरिक अवलंबित्व म्हणतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यालाही ते होऊ शकते. व्यसनात याखेरीज आणखी काही असते : मात्रेवर ताबा न राहणे, तीव्र ओढ, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, कामे आणि माणसे मागे पडत जाणे. तुमच्या पत्रावरून शारीरिक अवलंबित्व उघड दिसते. व्यसनाच्या बाबतीत चित्र तितके काळे-पांढरे नाही. तुम्ही एकही तास चुकवत नाही, पट्ट्या साठवत नाही, दिवसा गोळी घेत नाही, या गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. घरच्यांपासून गोळी लपवणे आणि डॉक्टरांना न दाखवता मात्रा वाढू देणे या गोष्टी दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. नेमके निदान समोर बसवून तपासणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने करायचे असते, ते मी पत्रावरून करणार नाही. मात्र ‘मी व्यसनी आहे का’ या प्रश्नाचे उत्तर हो आले किंवा नाही आले, तरी पुढे करायच्या गोष्टी जवळपास त्याच आहेत. म्हणून त्या उत्तरासाठी खोळंबून राहू नका.

हा प्रश्न तुम्हाला इतका का टोचतो, याचे कारण मला तुमच्या वृत्तीत दिसते. एखाद्या विषयाबद्दलच्या आपल्या वृत्तीत विचार, भावना आणि वर्तन असे तीन धागे असतात, असे मानसशास्त्राच्या पहिल्याच पाठ्यपुस्तकात शिकवतात. व्यसनाबद्दल तुमचा विचार ठाम आहे, आणि भावाच्या जाण्याने त्यामागची भावना अतिशय खोल गेली आहे. वर्तन मात्र रोज रात्री साडेनऊला त्या दोघांशी विसंगत होते. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये या अवस्थेला बोधात्मक विसंगती म्हटले, आणि तिच्या स्पष्टीकरणासाठी धूम्रपान हानिकारक आहे हे माहीत असूनही ते करणाऱ्याचेच उदाहरण घेतले. दोन वर्षांनी त्यांनी कार्लस्मिथ यांच्यासह केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांकडून तासभर कंटाळवाणे काम करवून घेतले आणि ‘काम मजेचे होते’ असे पुढच्या व्यक्तीला सांगण्यासाठी काहींना 1 डॉलर, तर काहींना 20 डॉलर दिले. नंतर विचारले, तेव्हा 1 डॉलर मिळालेल्यांनाच ते काम अधिक आवडल्याचे दिसले. खोटे बोलण्यासाठी पुरेसे कारण हाताशी नव्हते, म्हणून त्यांचे मतच बदलले. तुमच्या पत्रात ‘ही दारू थोडीच आहे’, ‘डॉक्टरांनीच दिली आहे’, ‘अर्धा मिलिग्रॅम म्हणजे काय असते’, ‘निवृत्त झाल्यावर आपोआप सुटेल’ अशी वाक्ये ओळीने येतात. ही वाक्ये गोळी सुरू करण्यापूर्वी तुमच्या मनात होती का, की ती गोळी चालू राहिल्यावर एकेक करून जमा झाली? उत्तर मला पाठवायचे कारण नाही. ही वाक्ये बनवण्यात कोणी लबाड ठरत नाही, सगळ्यांचेच मन असे चालते; पण ती पुरावा म्हणून वापरू नयेत.

मुलाबद्दल थोडेच लिहिते. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि परिस्थितीकडे काणाडोळा करायचा, हा आपल्या सर्वांचा कल असतो. ली रॉस यांनी 1977 मध्ये त्याला मूलभूत गुणारोपण दोष असे नाव दिले. मुलाला डबी दिसली, त्यामागची चार वर्षे दिसली नाहीत. त्याला कसे सांगायचे ते पुढे येईलच.

आठ तासांचा तुमचा आग्रह मात्र थोडा मोडून पाहायला हवा. झोपतज्ज्ञांच्या अमेरिकेतील संघटनांनी 2015 मध्ये प्रौढांसाठी सात किंवा अधिक तास झोपेची शिफारस केली, हे खरे आहे. पण ती समूहासाठीची शिफारस आहे, प्रत्येक रात्री भरायचा हप्ता नव्हे. झोप सलग एकसारखीही नसते. साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांत ती हलकी, गाढ आणि मग डोळ्यांची जलद हालचाल होणारी स्वप्नांची झोप अशी फिरते. ही शेवटची अवस्था शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 मध्ये नोंदवली. गाढ झोप बहुतांश रात्रीच्या पहिल्या भागात येते आणि वयाबरोबर कमी होत जाते, त्यामुळे पन्नाशीनंतर रात्री एकदोनदा जाग येणे स्वाभाविक आहे. आणि ज्या गोळीच्या भरवशावर तुम्ही ‘शांत’ झोपता, ती गाढ झोपेचा वाटा घटवते, हेही जाणून असावे. झोप लागल्याची वेळ पुढे आणली, म्हणून झोपेचा कस वाढतोच असे नाही.

तुम्ही दिनक्रम अगदी बारकाईने लिहिला आहे, त्याचा फायदा घेते. शाळेतून येऊन साडेतीन ते पाच झोप, सहाला कडक चहा, नऊला अंथरुणावर, साडेनऊला गोळी, पहाटे पाचला गजर. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि झोपेचा दाब वाढतो. दुपारच्या दीड तासाच्या झोपेने तुम्ही तो दाब रोज उतरवून टाकता. चहातील कॅफिन त्याच अडेनोसिनला अडवते आणि घेतल्यानंतर सरासरी पाच तासांनीही त्यातले निम्मे शरीरात उरलेले असते. शरीराचे घड्याळही नऊ वाजता झोपायला तयार असेलच असे नाही. अशा रीतीने नऊ वाजता अंथरुणावर पडले, की झोप न येणेच साहजिक आहे, आणि त्या जागेपणाला तुम्ही आजार समजता. शिवाय रोज अंथरुणात जागे राहून मेंदू अंथरुणाचीच सांगड जागेपणाशी घालतो.

आणखी एक गोष्ट सांगण्याचे धाडस करते. चार पानी पत्रात यजमानांचा उल्लेख फक्त दोनदा आहे. एकदा शस्त्रक्रियेच्या वेळी, आणि दुसऱ्यांदा कंसात : ‘त्यांचे घोरणे थांबले की मला जाग येते.’ ते आता रोज तीन किलोमीटर चालतात, असेही तुम्ही लिहिता. म्हणजे ते बरे झाले, आणि त्यांच्या उशाशी तुम्ही बसवलेला पहारा मात्र चार वर्षे उठलेलाच नाही. हा पहारा भीतीचा आहे. गोळी तो रात्रीपुरता झोपवते, पण भीतीबद्दल कोणाशीही बोलणे झालेले नसल्याने सकाळी तो जागच्या जागी असतो. निद्रानाशाइतकेच या भीतीकडेही लक्ष द्यायला हवे. (घोरणे मध्येच थांबत असेल, तर त्यांना झोपेतील श्वासरोध आहे का हेही तपासून घ्या, हृदयरोग्याच्या बाबतीत ते महत्त्वाचे आहे. तुम्ही स्वतः घोरत असाल, तर तुमच्या डॉक्टरांनाही तसे सांगा, कारण या गटातील गोळ्यांनी श्वासाचा हा त्रास बळावू शकतो.)

तुमच्यापुढे वाटा तीन आहेत. अचानक बंद करण्याची वाट मी वर बंद केलीच आहे. आहे तसे चालू ठेवण्याच्या वाटेला सरसकट नाकारत नाही. काही रुग्णांत, विशेषतः गंभीर मानसिक आजार असल्यास, तज्ज्ञ विचारपूर्वक तसे ठरवतात. पण तुम्ही ते कोणाशी न ठरवता चालवले आहे, आणि पुढची वर्षे या गोळीला अनुकूल नाहीत. पासष्टीनंतर ही औषधे शक्यतो टाळावीत असे वृद्धांच्या औषधोपचारासाठी जगभर वापरले जाणारे बीअर्स निकष सांगतात, कारण तोल जाऊन पडणे, हाड मोडणे आणि स्मृती मंदावणे यांचा धोका वाढतो. शिवाय तुम्ही सकाळी सात वाजता स्कूटी चालवत शाळेत जाता. या गटातील पहिले औषध 1960 मध्ये बाजारात आले, तेव्हा बार्बिच्युरेट या जुन्या झोपेच्या औषधांपेक्षा ते सुरक्षित म्हणून त्याचे मोठे स्वागत झाले. अवलंबित्वाचा प्रश्न किती मोठा आहे, हे वैद्यकालाही उमगायला वेळच लागला. तेव्हा सगळा दोष स्वतःच्या पदरात घेऊ नका.

तिसरी वाट हळूहळू कमी करण्याची आहे, आणि मी तिच्या बाजूने आहे. अलीकडच्या मार्गदर्शक सूचना साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के इतक्या धिम्या गतीने मात्रा उतरवण्यास सुचवतात. म्हणजे हे काम काही महिन्यांचे, कदाचित वर्षभराचे आहे. तुमच्यासाठीची नेमकी गती, किंवा आधी जास्त काळ परिणाम टिकणाऱ्या दुसऱ्या औषधावर नेऊन मग कमी करायचे का, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. घरी ब्लेडने गोळीचे तुकडे करून स्वतःचा कार्यक्रम आखू नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. तेथवर जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे.

मात्रा उतरत असताना झोपेचे प्रशिक्षण बरोबरीने चालले पाहिजे. निद्रानाशासाठीच्या सीबीटीला, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचारपद्धतीला, ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये प्रौढांच्या दीर्घ निद्रानाशावरचा पहिला उपचार ठरवले. तिच्यातील दोन भाग तुम्ही आजपासूनच करू शकता. रिचर्ड बूट्झिन यांनी 1972 मध्ये मांडलेला पहिला भाग असा, की डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जायचे, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी साधे करत बसायचे, झोप आली की परत यायचे, आणि रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ बदलायची नाही. घड्याळाचे तोंड भिंतीकडे करून ठेवा. दुसरा भाग म्हणजे नऊऐवजी साडेदहाला अंथरुणावर जाणे. दुपारची झोप बंद, फार तर पंधरा-वीस मिनिटे पाठ टेकणे. आणि कडक चहा दुपारी दोनच्या आत. अंथरुणातले तास याहून कमी करण्याचा एक कडक प्रकारही आहे, पण मात्रा उतरत असताना आणि स्कूटी चालवत असताना तो तज्ज्ञाविना करू नये. पहिले दोन-तीन आठवडे दमवणारे जातील. गोळीच्या जागी मेडिकलमधली ॲलर्जीची झोप आणणारी गोळी किंवा कोणी सुचवलेले चूर्ण आणून बसवू नका. डबी तीच राहील, आतली गोळी फक्त बदलेल.

यजमानांना आधी सांगा, मग मुलाला. ‘कॅल्शियम’ची गोष्ट तुमच्याच तोंडून त्यांना कळावी. मुलाला एवढे म्हटले तरी पुरे : “तू काळजीपोटी बोललास. ही गोळी मला सोडायची आहे, पण ती एकदम सोडणे धोक्याचे आहे. डॉक्टरांकडे तू बरोबर ये.” त्याला पट्ट्या मोजायला लावू नका, आठवड्याच्या गोळ्या यजमानांकडे ठेवणे तुम्हाला सोयीचे वाटत असेल, तर ते तुम्ही ठरवा. मेडिकलवाल्यालाही जुन्या चिठ्ठीवर पट्टी देऊ नका म्हणून सांगा. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-1 मधील औषध आहे. ते चिठ्ठीवरच द्यायचे असते आणि डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहायचे असते. हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्या घरात अशीच एखादी जुनी पट्टी चालू असेल, त्यांनीही चिठ्ठीवरची तारीख आणि ‘किती दिवस’ हा रकाना एकदा पाहावा.

राहता राहिला मुहूर्ताचा प्रश्न. तुम्ही येत्या वर्षी, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर, निवृत्त होणार आहात आणि सगळे त्यानंतरवर ढकलू पाहता. मला ते पटत नाही. निवृत्तीनंतरचे पहिले महिने अनेकांची झोप बिघडवतात, कारण उठायचे कारणच सकाळमधून निघून जाते. आज शाळेची घंटा तुम्हाला ठरल्या वेळी उठवते, ती असतानाच सुरुवात करणे सोपे जाईल. फक्त दहावीच्या सराव परीक्षांचा आठवडा टाळा. डॉक्टरांकडे जाताना जुनी चिठ्ठी, सध्याची पट्टी, इतर सर्व औषधांची यादी आणि दोन आठवड्यांची झोपेची नोंद न्या : कधी पडलात, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा जाग आली, कधी उठलात, दिवसा कसे वाटले. थायरॉइडची तपासणी आणि पाळी थांबल्यानंतर रात्री अंगातून वाफा येतात का, हे विषय त्यांनी काढले नाहीत, तर तुम्ही काढा. आणि मात्रा उतरवताना भ्रम झाल्यासारखे वाटले, अंगाला झटका आला किंवा जगू नये असे विचार मनात येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.